श्वासपटल वर चढलं म्हणजे काय? एका पडद्याचा अडीचशे वर्षांचा इतिहास

आरोग्याच्या इतिहासावरच्या या भाषणात आज आम्ही शरीरातल्या एका पडद्याची गोष्ट सांगणार आहोत.

विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की बायका पिशवीतून दवाखान्याचे कागद काढतात. अशा कागदांत छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर कधी कधी एक ओळ असते: ‘राइट डोम ऑफ डायफ्राम एलिव्हेटेड.’ म्हणजे उजव्या बाजूचा पडदा वर सरकलेला दिसतो. ती ओळ वाचून कोणी घाबरतं, कोणी म्हणतं गॅस झाला असेल, कोणी कागद घडी घालून डब्यात ठेवून देतं. या तिन्हींतलं एकही बरोबर नाही. ही ओळ हा आजार नव्हे, ती एक खूण आहे. खुणेमागचं कारण कधी अगदी साधं असतं, कधी गंभीर असतं. ते शोधायला डॉक्टर कसे शिकले, त्याचा हा इतिहास आहे.

आधी पडदा म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात. छाती आणि पोट यांच्या मध्ये हा स्नायूचा पडदा आडवा ताणलेला असतो. तो सपाट नसतो, उपड्या कढईसारखा वर फुगलेला असतो. त्याला उजवा आणि डावा असे दोन घुमट. उजव्या घुमटाखाली यकृत, म्हणजे लिव्हर असतं, म्हणून उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा उंच असणं हे नेहमीचंच आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हा पडदा खाली उतरतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. श्वास सोडला की तो पुन्हा वर जातो. लोहाराच्या भात्याचं काम शरीरात मुख्यतः हाच पडदा करतो.

या पडद्याला हुकूम देणारी नस मानेतून निघते. उजवीकडे एक, डावीकडे एक. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या नसांपासून ती बनते आणि हासळीच्या हाडामागून छातीत उतरून पडद्यापर्यंत जाते. ही लांब वाट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत ती येणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. जिवंत माणसाच्या छातीत काय चाललंय हे बाहेरून ओळखायचं कसं, हा वैद्यांपुढचा फार जुना प्रश्न. सन १७६१ मध्ये ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी बोटांनी छाती ठोकून पाहण्याची पद्धत पुस्तकात मांडली. त्यांचे वडील खानावळ चालवत आणि पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून ओळखत, असं सांगतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. माठ भाजलाय की कच्चा आहे, कलिंगड पिकलंय की नाही, हे आपणही ठोकूनच ठरवतो. हवा भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, यकृत भरीव वाजतं. भरीव आवाज कुठपर्यंत वर येतो हे पाहिलं की पडदा कुठे आहे याचा अंदाज येतो. आजही डॉक्टर पाठीवर बोट ठेवून टकटक करतात ती हीच पद्धत.

पुढे १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावून ऐकणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला. आवाज उलट जास्त स्पष्ट आला. डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपचा जन्म असा एका बाईच्या तपासणीत झाला.

पडदा कायमचा वर सरकलेला असू शकतो, याची पहिली लेखी नोंद फ्रेंच शल्यचिकित्सक झां लुई पेती यांच्या पुस्तकात सापडते. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये छापलं गेलं. पण ही गोष्ट कळली ती मृत शरीर उघडून पाहताना. त्यानंतरही शंभरावर वर्षं असंच चाललं. माणूस जिवंत असेपर्यंत त्याची धाप दिसायची, तिचं कारण दिसायचं नाही.

यात आपल्याकडचं एक नाव घ्यायलाच हवं. डॉ. आनंदीबाई जोशी. कल्याणला वाढलेली ही मुलगी १८८३ मध्ये अमेरिकेला गेली, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेली. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडले होते, म्हणजे आजाराचं कारण कळलं होतं. पण औषध नव्हतं, आणि छातीच्या आत पाहायचं यंत्रही नव्हतं. त्या यंत्रामागचे एक्स-किरण जर्मनीत राँटगेन यांना सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये, आनंदीबाई गेल्यानंतर साडेआठ वर्षांनी.

एक्स-किरणांनी सगळंच बदललं. फोटोत फुप्फुसं काळी दिसतात, हाडं पांढरी दिसतात आणि पडद्याची कमान स्वच्छ दिसते. फोटो न काढता चमकत्या काचेवर पडद्याची हालचालही बघता येऊ लागली. श्वास घेताना एक बाजू खाली जाते आणि दुसरी जात नाही, हे प्रथमच जिवंत माणसात दिसू लागलं.

या एक्स-रेचा एक वेगळाच उपयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम ही संस्था काढली. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगाच्या क्रियांत शरीरात नेमकं काय होतं ते यंत्रानं तपासायचं, असा त्यांचा ध्यास होता. उड्डियान बंधात पूर्ण श्वास सोडून पोट आत खेचतात. त्या वेळी शरीरात काय होतं हे त्यांनी एक्स-रे काढून पाहिलं आणि ‘योग मीमांसा’ या नियतकालिकातून छापलं. या क्रियेत श्वासपटल चांगलंच वर चढतं. म्हणजे पडदा वर चढणं हे दर वेळी रोगाचंच लक्षण नसतं, शिकलेला माणूस तो काही क्षण मुद्दाम वर नेऊ शकतो आणि परत खाली आणू शकतो. हे ऐकून कोणी घरी करून बघू नका. ही क्रिया शिक्षकापुढेच शिकायची असते, आणि गरोदरपणात ती करतच नाहीत.

मैत्रिणींनो, आता या इतिहासातला सगळ्यात विचित्र भाग. एके काळी डॉक्टर स्वतःच ऑपरेशन करून माणसाचा पडदा वर चढवत असत.

कारण होतं क्षय. औषध नव्हतं तेव्हा विश्रांती, चांगलं अन्न आणि मोकळी हवा एवढेच उपाय. त्यासाठी थंड, कोरड्या जागी आरोग्यधामं निघाली. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचं आरोग्यधाम होतं. पुण्याजवळ औंधला, मुंबईत शिवडीला क्षयाची रुग्णालयं झाली. रोगी तिथे महिनोन्‌महिने, काही जण वर्षंही राहत.

पण विश्रांती हात-पायांना देता येते, फुप्फुसाला कशी देणार? ते तर श्वासागणिक हलतं. मग डॉक्टरांनी विचार केला की आजारी बाजूचं फुप्फुस दाबून ठेवलं, त्याचं हलणं कमी केलं, तर आतली जखम मिटेल. कोणी सुई घालून छातीत हवा भरली. कोणी बरगड्या काढल्या. आणि १९११ मध्ये स्टुर्ट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी सुचवलं की पडद्याला हुकूम देणारी नसच तोडावी. आम्ही मघाशी ती वाट लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. ही नस मानेत, हासळीच्या हाडाच्या वर, हाताला येण्यासारख्या जागी असते. तेवढीच जागा बधिर करून दोन बोटं लांबीची चीर द्यायची आणि नस चिमट्यानं चिरडायची. त्या बाजूचा पडदा लुळा पडतो, वर सरकतो आणि फुप्फुस दबतं. चिरडलेली नस बहुधा काही महिन्यांनी पुन्हा जोडली जाई. कापलेली किंवा उपटलेली नस जोडली जात नसे. त्या माणसाचा पडदा जन्मभर वरच राही. काहींच्या पोटात हवा भरूनही पडदा वर ढकलत, आणि ती हवा थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा भरावी लागे.

हे उपचार जगभर पसरले, भारतातल्या आरोग्यधामांतही आले. प्रसिद्ध इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल, ज्यांचा जन्म आपल्याच देशात बिहारमधल्या मोतिहारीला झाला होता, त्यांचीही नस १९४८ च्या सुमारास स्कॉटलंडच्या एका रुग्णालयात अशीच चिरडली होती. ते १९५० च्या जानेवारीत क्षयानंच गेले.

यात शिकण्यासारखं काय आहे? नस चिरडल्यानं रोगी खरंच बरे होतात का, हे सारख्याच आजाराच्या दोन गटांची तुलना करून कधी नीट तपासलंच गेलं नव्हतं. ऑपरेशन केलं आणि रोगी बरा झाला की श्रेय ऑपरेशनचं. नाही झाला, की आजार फार पुढे गेलेला होता. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या बाबतीत मात्र वेगळं घडलं. ते १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं. इंग्लंडमध्ये काही रोग्यांना औषध आणि विश्रांती, काहींना नुसती विश्रांती, अशी तुलना करून १९४८ मध्ये निकाल छापला गेला. पुढे १९५२ मध्ये आयसोनायझिडच्या गोळ्या आल्या. काही वर्षांतच नस चिरडायचे चिमटे कपाटात गेले.

त्यापुढची पायरी आपल्याच देशात पडली. मद्रासला १९५६ मध्ये क्षयावर औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निकाल आला की घरी राहून नीट गोळ्या घेणारे जवळजवळ तितकेच चांगले बरे होतात. घरच्या माणसांना त्यामुळे लागण जास्त झाली, असंही दिसलं नाही. आयाबायांसाठी हा निकाल फार मोठा होता. आरोग्यधामात जायचं म्हणजे लेकरं कोणाकडे ठेवायची, घर कोण बघणार, आणि परत आल्यावर सासरचे घेतील का, या प्रश्नांपायी किती बायांनी खोकला लपवला असेल त्याची गणती नाही. आज टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात. पूर्वी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले.

आता आपल्या नवी मुंबईचं बोलू. सिडकोची स्थापना झाली १७ मार्च १९७० रोजी. त्याआधी इथे भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणारी आगरी-कोळ्यांची गावं होती. खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला, लोकल गाडी वाशीला १९९२ मध्ये आली, आणि त्याच वर्षी १ जानेवारीला महानगरपालिका सुरू झाली. पुलाआधी बेलापूर, नेरूळकडच्या माणसाला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे होडीनं खाडी पार करायची किंवा ठाण्याहून वळसा घ्यायचा. छातीचा फोटो ही तेव्हा वर्षातून एकदा ऐकायची गोष्ट. आज वाशी, नेरूळ, ऐरोलीला पालिकेची रुग्णालयं आहेत, मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग केंद्र आहे. सोय दाराशी आली. पण रिपोर्टवरची ओळ समजून घेऊन पुढचा प्रश्न विचारायची सवय अजून यायची आहे. म्हणून आता त्या ओळीमागे काय असू शकतं ते सांगतो.

पहिलं कारण, पडद्याचा स्नायूच जन्मतः पातळ असतो. वापरून विरलेल्या धोतराच्या कापडासारखा तो सैल पडून वर फुगतो. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणानं काढलेल्या फोटोत तो सापडतो.

दुसरं कारण, मानेतून येणारी नस दुखावते. अपघात, मानेचं किंवा हृदयाचं ऑपरेशन, काही विषाणूंचे आजार, छातीतली गाठ नसेवर दाबणं, यांपैकी काहीही असू शकतं. काही वेळा कारण सापडतही नाही. पण छातीत गाठ नाही याची खात्री करावीच लागते, म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. तो खर्च वाटला तरी टाळू नये.

तिसरं, खालून काहीतरी ढकलत असतं. पोटात पाणी होणं, यकृत किंवा पाणथरी वाढणं, यकृतात पू होणं.

चौथं, वरून काहीतरी ओढत असतं. जुन्या टीबीनं फुप्फुस आकसलं की ते पडद्याला वर खेचतं. कधी फुप्फुसाखाली पाणी साचलेलं असतं आणि फोटोत पडदाच वर गेल्यासारखा भासतो.

यातला यकृतातला पू आपल्या भागानं नीट ओळखायला हवा. दूषित पाण्यातून अमिबा नावाचा जंतू आतड्यात जातो, तिथून काही वेळा यकृतात जाऊन पू करतो. दारू, ताडी पिणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसतं. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि उजवा खांदा दुखणं. खांदा का दुखतो? कारण पडद्याची नस आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मणक्यांतून येतात. मेंदूची गफलत होते, त्याला वाटतं खांदाच दुखतोय. घरचे मग खांद्याला तेल चोळत बसतात आणि आत पू वाढत राहतो. सन १९१२ मध्ये कलकत्त्याला डॉ. लिओनार्ड रॉजर्स यांनी अमिबाच्या आजारावर एमेटिनची इंजेक्शनं वापरायला सुरुवात केली, त्याआधी या आजारात माणसं फार दगावत. आज सोनोग्राफीत पू लगेच दिसतो, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं आहेत, पू जास्त असेल तर सुईनं किंवा नळीनं काढतात. वेळेत गेलं तर माणूस पूर्ण बरा होतो, आणि पडदाही आपोआप खाली येतो.

आता गरोदर बायांचं. गर्भ वाढतो तसा पडदा सुमारे ४ सेंटिमीटर वर जातो. बरगड्याही रुंदावतात, म्हणून श्वास पुरतो. चढ चढताना थोडी धाप लागणं हे गरोदरपणात स्वाभाविक आहे, आणि बाळंतपणानंतर पडदा आपल्या जागी येतो. पण सगळी धाप ‘पोट वर आलंय’ म्हणून सोडून द्यायची नाही. बसल्या जागी धाप लागणं, आडवं पडल्यावर जीव घाबरणं, छातीत धडधडणं, तोंडावर-पायांवर सूज, ओठ निळसर होणं, खोकल्यातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. मागे रक्त कमी असणं किंवा हृदयाची झडप खराब असणं, अशी कारणं असू शकतात. गरोदरपणात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. आणि एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधी पाळी चुकली आहे किंवा दिवस गेले आहेत हे न लाजता सांगा.

नवजात बाळांतही हे होतं. बाळंतपणात खांदा अडकला, मान ताणली गेली, तर त्या बाजूचा हात लुळा पडतो आणि कधी पडद्याची नसही दुखावते. हात हलत नाही आणि बाळ भराभर श्वास घेतंय, दूध ओढताना थकतंय, अशा दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ते आशाताईंना आणि बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. बरीच बाळं काही आठवड्यांत सुधारतात, थोड्यांना ऑपरेशन लागतं.

मग डॉक्टर शोध कसा घेतात? एक्स-रे उभं राहून, पूर्ण श्वास भरून काढायचा. श्वास नीट भरला नाही तर धडधाकट पडदाही वर दिसतो. म्हणून तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, धरा’ म्हणतात तेव्हा घाई करू नका. जुना एक्स-रे असेल तर तो सोबत न्या. दहा वर्षांपूर्वीही पडदा तिथेच होता, की या वर्षी वर चढला, यावर अर्धं निदान ठरतं. नंतर हुंगायची तपासणी. पडद्यावर एक्स-रेची चालती हालचाल बघत डॉक्टर नाकानं झटकन श्वास ओढायला सांगतात, मोगऱ्याचं फूल हुंगावं तसं. चांगली बाजू खाली जाते. लुळी बाजू उलट वर उडते. हीच हालचाल सोनोग्राफीतही दिसते. त्यात किरण नसतात, म्हणून गरोदर बाई आणि बाळ यांना ती सोयीची. शिवाय नळीत फुंकून श्वासाचं माप घेतात, बसून एकदा आणि झोपून एकदा. झोपल्यावर माप बरंच घसरलं तर पडदा कमजोर असल्याची ती खूण.

उपचार मूळ कारणाचा करायचा. पू असेल तर पू काढायचा, टीबी असेल तर गोळ्या पूर्ण घ्यायच्या, पोटात पाणी असेल तर ते का झालं ते शोधायचं. एक बाजू वर आहे पण त्रास काही नाही, तर बहुधा काहीच करावं लागत नाही, वेळोवेळी तपासणी पुरते. नस दुखावली असेल तर डॉक्टर काही महिने, कधी वर्षभरही थांबतात, कारण नस हळूहळू भरते. तोवर श्वासाचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं. एवढं करूनही धाप कमी झाली नाही, तर ऑपरेशन. १९२३ मध्ये अशा ऑपरेशनची पहिली यशस्वी नोंद झाली. ते समजायला आपल्याला शिवणकाम पुरे. सैल पडलेल्या पडद्याला चुण्या घालून टाके मारतात, म्हणजे तो ताणून खाली बसतो आणि फुप्फुसाला जागा मिळते. लुळा स्नायू त्यानं पुन्हा हलायला लागत नाही, पण तो वर-खाली फडफडत नाही आणि दुसऱ्या बाजूचं काम सोपं होतं. आता हे पुष्कळदा दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून करतात. दोन्ही बाजू लुळ्या असतील तर रात्री मास्कचं श्वासयंत्र लागतं. मोठ्या खर्चाची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल आधी विचारा, पैसे भरण्याआधी.

इतिहास ऐकून गटात काय करायचं, तेही सांगतो. गटाच्या वहीबरोबर प्रत्येकीनं घरी एक फाइल ठेवावी. त्यात घरातल्या प्रत्येकाचे जुने एक्स-रे, रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद तारखेप्रमाणे लावावेत. एक्स-रेची फिल्म लहान मुलांना खेळायला देऊ नका, भंगारवाल्याला विकू नका. आणि ‘पडदा वर आहे’ असं कोणी सांगितलं तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. एक बाजू की दोन्ही? पूर्वीच्या फोटोत असाच होता का? ढकलला गेलाय, ओढला गेलाय, की लुळा पडलाय? आणि खात्रीसाठी पुढची तपासणी कोणती?

ऑपरेशन सुचवलं तर पाचवा प्रश्नही विचारा: न करता थांबलं तर काय होईल? नस चिरडण्याच्या काळात हा प्रश्न फार थोड्या रोग्यांनी विचारला. आज तो विचारला म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरातले छातीचे जुने फोटो घेऊन या. कोणते जपायचे आणि कसे लावायचे ते तिथे मिळून पाहू.